शिवराम मिस्त्रीचा मेलेला तवा

शिवराम मिस्त्रीकडे दर रविवारी एक वस्तू मरायची. "मास्तर, आज तवा मेला," असं तो गंभीरपणे सांगायचा आणि धडधाकट तवा खुंटीवर ठेवून कौलावर भाकरी भाजायचा. तांब्या मेला तेव्हा त्याने करवंटीने आंघोळ केली. एकदा तर न्हावीच मेला असं धरून त्याने स्वतः वस्तरा घेतला. निम्मी मिशी गेली, म्हणून उरलेलीही काढावी लागली, आणि सोमवारी गिरणीतले लोक त्याचा बाप गेला समजून सांत्वनाला आले.

ही अठराशे ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. गिरगावात आमच्या वाडीच्या फाटकापाशी जुन्या तबेल्यातल्या खोलीत तो एकटा राहायचा. परळच्या एका गिरणीत फिटर होता. मी शाळामास्तर, मॅट्रिक झालेला, आणि हे कोणी विसरू नये याची काळजी घेणारा. मी त्याला सांगायचो, "कल्पकता उपजत असते रे, तालमीने येत नाही."

"माणूस अडला की डोकं चालतं, मास्तर," तो म्हणायचा. "रोज अडवा, रोज चालंल."

मी हे शाळेत नक्कल करून सांगायचो. लोक हसायचे.

माझ्या आत्याने मला वाढवलं. बालविधवा, कडक सोवळ्यातली. नळाला चामड्याचा वायसर असतो म्हणून नळाचं पाणी तिला वर्ज्य. विहिरीचं पाणी ती स्वतः ओढायची. त्या वर्षी तिचा खांदा धरला. ती दिवसभर अर्ध्या तांब्यावर भागवायला लागली, ओठ सुकलेले असायचे. मी सोवळं नेसून दोन कळशा काढून देऊ शकत होतो, पण मला शाळेची घाई असायची. हे लिहितानाही मान वर होत नाही.

एके दिवशी शाळेतून आलो तर विहिरीवर लाकडी चाक बसलेलं, त्यावर कोरा काथ्याचा दोर. शिवराम बाजूला घाम पुसत उभा. आत्या हरखून दोराला हात घालणार, तोच मी दहा माणसांत म्हणालो, "मिस्त्री, दोराला तुझा हात लागलाय. काढ हे."

त्याने काढलं. वर मी विहिरीचा काठही धुवायला वाडीतल्याच एकाला सांगितलं. मला त्या दिवशी मोठा धर्म राखल्यासारखं वाटलं.

आठेक दिवसांनी शाळा लवकर सुटली. फाटकातून पाहतो तर शिवराम पाठीशी हात बांधून पंधरा पावलांवर उभा, आणि विहिरीपाशी आत्या, पदर खोचलेली.

"आत्याबाय, खांदा चालत नाय. मग दुसरं काय चालतंय?"

आत्याने बराच विचार केला. "पाय चालतात की."

"मग पायांना काम द्या."

तिने विहिरीवरच्या जुन्या मोडक्या रहाटाच्या रिकाम्या खांबांवर घरचं मुसळ आडवं टाकलं होतं. त्यावरून दोर घेऊन तिने कमरेला धरला आणि ती चालू लागली. कळशी वर आली.

"आता दोर सोडलात तर?"

"पडेल मेली." ती थबकली, आणि मग फणसाच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे दिले. साठीची माझी आत्या पोरीसारखी हसली. त्याने बोटही लावलं नव्हतं. उत्तरही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो दारावरून जाताना मी विचारलं, "सरळ सांगून का टाकलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर युक्ती माझी झाली असती," तो शांतपणे म्हणाला. "मग तुम्ही ती पण काढायला लावली असती."

तो पुढे म्हणाला, "आमची मंडळी गावाला डोंगरातनं पाणी आणायची. सातवा महिना होता. वाटंत पडली, ती गेलीच. मी हिकडं गिरणीत साच्यांना तेल घालत होतो. काय अडलंय, असं तिला कुणी विचारलं नाय. मीसुद्धा नाय."

त्याला आत बोलवावं, बस म्हणावं, असं मला फार वाटलं. लाजही वाटत होती. पण मी दाराच्या चौकटीत उभा होतो, आणि बाजूला सरलो नाही.