उजेडाकडचा कान

एका जंगलात, मुलांनो, ऐकणारे कमी आणि दाद देणारे फार होते. तिथे ससेबुवा राहायचे. बुवा स्वतः मैफिलीत गात नसत. ते नव्या बंदिशी बांधायचे आणि त्यांची शिष्या मैना त्या गायची.

त्या वर्षी एक बंदिश अर्धी अडकली होती. स्थायी झाली होती, पुढचा अंतरा सुचत नव्हता. पळस फुलला की जंगलात उत्सव असे आणि त्यात मैना ती गाणार होती. आयुष्यात यापेक्षा चांगली चीज आपल्या हातून होणार नाही, असं बुवांना वाटत होतं. त्यामुळे त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात कोल्हेसाहेब कॅमेरा घेऊन आले.

"बुवा, तुमच्यावर माहितीपट करतोय. जीवन आणि कार्य."

"कार्य अर्धंच झालंय हो. अंतरा झाला की या."

"तुम्ही तुमचं काम करा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

मग नसलेल्या साहेबांनी बुवांचं बीळ आवरायला लावलं, ससेवहिनींना दारात कोथिंबीर निवडत बसवलं आणि बुवांना नदीकाठी नेऊन उभं केलं.

"नदीकडे बघा."

बुवांनी बघितलं.

"जरा विचारात बघा."

बुवांनी तसंही बघितलं. "गुणगुणू का?"

"नको, आवाज नंतर घालू. बरं, शिकलात कुणाकडे?"

"भारद्वाजबुवांकडे," म्हणत बुवांनी कानाच्या पाळीला हात लावला. गुरूचं नाव निघालं की गाण्याबजावण्यातली मंडळी असं करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. कोल्हेसाहेबांनी पाहिलं नव्हतं.

"ते कानाचं फार छान दिसतंय. परत करा. पण डावा धरा, उजेड तिकडे आहे."

"मग गुरुजींचं नाव परत घ्यावं लागेल."

"नाव राहू द्या हो. कान तेवढा धरा."

बुवांनी नुसता कान धरला. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण कॅमेरा चालू होता, आणि वहिनी कौतुकाने बघत होत्या.

आणि नेमका तेव्हाच अंतरा सुचला. बुवांचे डोळे मिटले, मान डोलली, पहिली ओळ ओठांवर आली.

"थांबा, थांबा. ढग आला," साहेब म्हणाले.

यथावकाश ढग गेला.

"हां, आता मगाशी सुचलं तसं सुचू द्या."

बुवांनी डोळे मिटले, मान डोलवली. दृश्य झकास झालं. अंतरा मात्र गेला तो गेलाच. पुढे कितीतरी दिवस बुवा त्याच काठावर जाऊन बसत, पण तो परत आला नाही.

पळस फुलला. उत्सवात आधी माहितीपट दाखवला. त्यात नदी होती, कोथिंबीर होती आणि कान तर घडोघडी होता. आवाज नंतर घातला होता, तो बेडकांच्या बँडचा होता. हत्तीला भरून आलं. "काय ही साधना," अस्वल म्हणालं. माकडांची पोरं लगेच आपापला डावा कान धरून विचारात बघू लागली.

मग मैना गायला बसली. स्थायी तिने फार सुंदर गायली. परत गायली. आणखी एकदा गायली. तबल्यावरचं साळिंदर तिच्या तोंडाकडे बघायला लागलं. शेवटी तिने मागे वळून हळूच विचारलं,

"बुवा, अंतरा?"

बुवांनी मान खाली घातली आणि कान पकडला. शाळेत चुकल्यावर आपण पकडतो ना, तसा.

सगळं जंगल उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मैनेने तंबोरा खाली ठेवला आणि ती रडू लागली. तेही लोकांना फार आवडलं.

गर्दीतून वाट काढत कोल्हेसाहेब धावत आले.

"बुवा, परत एकदा घेऊ. तुम्ही उजवा धरलात."

तात्पर्य: गाणं अर्धं राहिलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कान मात्र नेहमी उजेडाकडचा धरावा.