साहेबांचा पेरू

फळांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पेरू नुसता हातात घेतला की तो आतून पांढरा आहे की गुलाबी, बिया मऊ आहेत की दात पाडणाऱ्या, हे मी न कापता सांगतो. त्यामुळे १९२८ सालच्या डिसेंबरात आमच्या साहेबांचा बटलर कचेरीत येऊन म्हणाला, "हेडक्लार्कसाब, साहेबाला नाताळला पेरू पाहिजे, सोलापुरात कुठं मिळत नाही," तेव्हा मला मनातल्या मनात हसू आलं. मंडईत पेरूंचे ढीग लागले होते. पण साहेबाच्या घरचा पेरू काही निराळाच लागत असणार, एवढं मी ओळखलं.

किती डझन मागवू, असं मी विचारलं. बटलरने डोळे मोठे केले. डझन कशाला, म्हणाला, एक बस्स, पण चांगला मोठा. टेबलाच्या मधोमध ठेवतात. बारा माणसांची मेजवानी आणि पेरू एक! साहेब लोकांच्या संयमाचं मला फार कौतुक वाटलं. बटलरने पुण्याच्या लष्करातल्या एका दुकानदाराचा पत्ता दिला आणि मी त्याच दिवशी पत्र टाकलं: 'पेरू एक. मोठ्यात मोठा. फार पिकलेला नको, प्रवासात नरम पडता कामा नये.'

पार्सल आल्याची चिठ्ठी मिळाली तेव्हा स्टेशनवर जाताना मी प्रभाला बरोबर घेतलं. प्रभा म्हणजे माझ्या बायकोच्या, शिवबाईच्या, चुलतभावाची मुलगी. वय आठ. आई तान्हेपणीच गेलेली. बाप ईरप्पा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होता, तो दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. तेव्हापासून पोर या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरत होती. आमचं घर चौथं.

आम्हाला मूलबाळ नाही. ती आली याचा आम्हाला कोण आनंद, पण तो तिला सांगायचा कसा? सहा महिन्यांत ती 'व्हय' आणि 'न्हाय' यांच्यापलीकडे गेली नव्हती. बोललीच तर, "तुमचा तांब्या कुटं ठिवू?" किंवा, "तुमच्या घरातला दिवा लावू का?" दिवसभर उंबऱ्याजवळ बसायची, पुढच्या गाडीची वाट बघणाऱ्या उतारूसारखी. ही आपली कधी होणार, असं शिवबाई मला रोज विचारायची.

स्टेशनवर मल्लप्पा हमालाने पाळण्याएवढी एक करंडी माझ्यापुढे सरकवली. मी पेरूंचा जाणकार खरा, पण मीही दोन पावलं मागे सरलो. करंडीतला पेरू श्वास घेत होता.

"मेल्यातच जमा हाय की वो," मल्लप्पा म्हणाला. "सही करा आन् न्या."

कोणाला न विचारता प्रभाने सुतळी सोडली. आत एक प्रचंड काळा पक्षी मान टाकून पडला होता. चोच उघडी, पायात दोरी रुतलेली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'पेरू, नग एक. दाणापाणी द्यावे.' बटलरच्या भाषेत पेरू नावाचा पक्षीही असतो, साहेब लोक ज्याला टर्की म्हणतात तो, हे माझ्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं. तोवर प्रभा नळावरून ओंजळीत पाणी घेऊन आली होती. येईतो निम्मं गळून जायचं, ती पुन्हा धावायची. मी मोजत होतो, अकरा खेपा झाल्या. बाराव्या खेपेला त्या पक्ष्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं.

टांग्यात बसल्या बसल्या मी सगळ्याचा उलगडा केला. टेबलाच्या मधोमध ठेवतात, म्हणजे हा शोभेचा पक्षी. मेजवानीभर टेबलावर उभा राहायचं, मग जन्मभर साहेबाच्या बागेत फिरायचं. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी अंड्यालाही शिवलं नाही. मला दुसरा अर्थ सुचणार कुठून? आमच्याकडे भांडी घासायला येणारी गोजाबाई पक्ष्याला निरखून म्हणाली, आठ दिस चांगलं चारलं तर भरंल की. परक्या पाखराची केवढी ही काळजी, असं मला वाटलं.

प्रभाने त्याच्या पायाला हळद लावली, ज्वारी भिजवून एकेक दाणा चारला. चौथ्या दिवशी तो उभा राहिला. पाचव्या दिवशी सकाळी अंगणात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने अंग फुगवलं, पंखांची टोकं जमिनीला टेकवली आणि शेपूट उलगडलं. काळं म्हणत होतो ते पीस उन्हात तांब्याचं झालं, मग हिरवं, मग जांभळं. लाल मान बघता बघता निळी झाली, डोकं पांढरं पडलं, पुन्हा लालभडक. शिवबाई पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. गोजाबाईने पदर सावरून हात जोडले.

पण त्याहून मोठं नवल शनिवारी दुपारी घडलं. परसातून आवाज येत होता म्हणून मी दाराआड उभा राहिलो. प्रभा त्याच्याशी बोलत होती. एकसारखी बोलत होती. बापाच्या हाताला इंजिनाच्या तेलाचा वास यायचा. तो नुसत्या शिट्टीवरून गाडी ओळखायचा. करमाळ्याच्या काकूकडे निजायला कोनाड्याखालची जागा होती, तिथं पावसात गळायचं. कोणत्या घरी कोण काय बोललं, कोणी लाडू दिला, कोणी दिला नाही, सगळं. तासभर मी हललो नाही. कचेरीत बावीस वर्षं साहेबांचं बोलणं ऐकत आलो, पण असा श्वास रोखून कधी ऐकलं नव्हतं. एवढं सगळं त्या पोरीच्या पोटात होतं, आणि आम्हाला ती 'व्हय' म्हणत होती.

तेवीस तारखेला मी तिला सांगितलं की उद्या पक्षी साहेबांकडे पोचवायचा आहे.

"ह्याला बी दुसऱ्या घरी धाडणार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अगं, चांगलं घर आहे, मोठी बाग आहे, आपण त्याला भेटायला जाऊ.

"समदे तसंच सांगत्यात," ती म्हणाली आणि पक्ष्यापुढे दाणे टाकायला लागली. पण साहेबांना शब्द दिलेला होता, आणि साहेबांना दिलेला शब्द मोडायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पक्षी तिच्याशिवाय पाऊल टाकेना, म्हणून तीही निघाली. पुढे मी नवा फेटा बांधून, मागे प्रभा, तिच्या मागे पेरू. दुकानदार दुकानं सोडून रस्त्यावर येत होते. फेटा चांगला बसलाय, असं मला वाटलं.

बंगल्यावर बटलरने पक्ष्याला दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं. खूश झाला. "दुपारी कापतो," म्हणाला, "उद्या भाजून टेबलाच्या मधोमध."

स्वयंपाकघराच्या दारातून मला पक्षी मांडायची बशी दिसत होती; निजवलं तर प्रभाही मावली असती एवढी. मी काही बोलायच्या आत प्रभाने बटलरच्या हातांतून पक्षी ओढून घेतला, खाली ठेवला आणि त्याच्या पुढे उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. आजवर तिला जी जी चांगली घरं सांगितली गेली, त्या सगळ्यांचा जाब त्या नजरेत होता आणि तो द्यायला मी एकटाच हजर होतो.

तेवढ्यात चिरूट ओढत साहेब व्हरांड्यात आले. सगळं ठीक आहे ना, त्यांनी विचारलं. मी 'येस सर' म्हणायला तोंड उघडलं आणि 'नो सर' बाहेर पडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा! मग जे सुटलं ते थांबेना. पक्षी आजारी आहे. आजारी नाही, पण त्याचा उपास आहे. दहा दिवस आमच्याकडे जेवल्यामुळे तो आता आमच्या पंक्तीचा झाला असून त्याला कापणं कायद्यात बसत नाही. माझं इंग्रजी इतकं वाईट कधीच नव्हतं. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि प्रभाकडे वळले. मराठीची परीक्षा ते पास झालेले होते.

"हा पक्षी कोणाचा आहे?"

"आमचा हाय," प्रभा म्हणाली. "आमच्या घरचा हाय."

'आमच्या घरचा.' शिवबाई हे ऐकायला इथं नाही, याचंच मला वाईट वाटत होतं. पक्ष्याने काय ओळखलं कोण जाणे, त्याने शेपूट उलगडलं आणि प्रभाच्या मागे तो तांब्याचा, हिरवा, जांभळा रंग उभा राहिला. साहेबांच्या चिरुटाची राख बुटावर पडली तरी ते हलले नाहीत. बटलरही टोपी काढून बघत होता. मग साहेब खाकरले आणि उद्या मटण कर, असं बटलरला सांगून आत गेले.

परतीच्या वाटेवर प्रभा सारखी बोलत होती, आणि या वेळी माझ्याशी. मी मान हलवत होतो.

घरी आल्यावर ती परसात गोजाबाईला सगळी हकिकत सांगायला लागली. तिचा आवाज पार आतल्या खोलीपर्यंत येत होता. "आमचं मामा साहेबाला भीत न्हाईत," ती सांगत होती. "इत्तकंसुदिक भीत न्हाईत."

आतल्या खोलीत मी भर दुपारी दोन चादरी पांघरून पडलो होतो, आणि अंगात ताप नसताना दात वाजायचे थांबत नव्हते. शिवबाई काढ्याचा पेला घेऊन उशाशी उभी होती. तिचे डोळे भरलेले होते, पण हसू काही आवरत नव्हतं.

"बोलावू का तिला आत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आधी दार लाव."