लिंबूटिंबूची वखार

चौसष्टावा खेळाडू आला नाही आणि मुख्य पंचांनी तो आपला वैयक्तिक अपमान मानला.

तसे ते बऱ्याच गोष्टी वैयक्तिक अपमानच मानत. पोटापाण्यासाठी ते विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करत, पण तो झाला चरितार्थ. त्यांचा खरा जीव 'सात बंदरं' या बोर्डगेममध्ये अडकलेला होता. पुठ्ठ्याचा पट, त्यावर सात बंदरं, मीठ, कापूस आणि सागवान म्हणून रंगीत ठोकळे आणि प्रत्येक खेळाडूची एक वखार. चौघांनी बसायचं, फासे टाकून एकमेकांच्या वखारी लुटायच्या. घंटा होईल तेव्हा ज्याच्या वखारीत सर्वांत जास्त माल, तो पुढच्या फेरीत. ज्याची वखार रिकामी, तो बाद. खेळ एवढाच. पण एवढ्याशा खेळावर मुख्य पंचांनी एकहाती नव्वद पानांची नियमावली लिहिली होती. सासरची मंडळी या सगळ्या उद्योगाला 'सोंगट्या' म्हणत. मुख्य पंच दर वेळी दुरुस्ती करत आणि सासरची मंडळी दर वेळी "हां हां, तेच ते" म्हणत.

यंदाच्या खेळमेळाव्यात मात्र ही तोंडं कायमची बंद होणार होती. बैठ्या खेळांच्या महासंघाचे कार्यवाह अंतिम फेरी बघायला येणार होते. त्यांना पटलं तर महासंघ खेळाला मान्यता देणार, आणि मान्यतेबरोबर 'कायम मुख्य पंच' असं एक पद निघणार. मुख्य पंचांनी कोट आधीच शिवून घेतला होता. खिशावर पदनाम भरून घेण्यापुरती जागा कोरी सोडली होती.

आणि सोळा नंबरच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती.

"तिघांत खेळू की आम्ही," त्या टेबलावरचे करसल्लागार म्हणाले.

"चार खुर्च्या भरल्याशिवाय टेबल सुरू होत नाही," मुख्य पंच म्हणाले. "आणि एक टेबल थांबलं की सगळी थांबतात. नियम अकरा."

"कोणी केला हा नियम?"

"मी."

"मग तुम्हीच मोडा."

हे म्हणजे न्हाव्याला स्वतःचा गळा कापून दाखव म्हणण्यासारखं होतं. मुख्य पंचांनी हॉलभर नजर फिरवली. शेजारच्या दालनात लुटुपुटूची लढाई चालली होती, तिथून पुठ्ठ्याचं चिलखत घातलेले दोन योद्धे पाणी प्यायला आले होते. ते काही कामाचे नव्हते. आणि मग खांबाजवळ एका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभे असलेले त्यांचे साडू दिसले.

सगळी टेबलं साडूंचीच होती. लोकांचं सामान भाड्याने ठेवून घेण्याचा त्यांचा धंदा होता. कोणी घर बदललं, कोणी परदेशी गेलं, कोणी वेगळं निघालं, की कपाटं-पलंग साडूंच्या गोदामात येत. त्यातली बरीचशी परत जातही असत. टेबलांना ओरखडे पडतात का ते बघायला ते स्वतः आले होते, आणि आल्यापासून सहा ठिकाणी "पेला टेकवू नका" म्हणून झालं होतं.

"साडूभाऊ, जरा बसता का इथे?"

"मी? मला कुठे येतात तुमच्या सोंगट्या."

"येत नाहीत म्हणूनच. नुसती खुर्ची भरायची. लिंबूटिंबू म्हणून."

नव्वद पानांत हा शब्द कुठेच नव्हता. अंगणात पकडापकडी खेळताना धाकटं भावंड रडू नये म्हणून त्याला घेतात, तसला हा प्रकार: पळतं सगळ्यांबरोबर, पण पकडलं तरी बाद नाही. अडचणीत सापडलेल्या माणसाला कायदा आठवत नाही, अंगण आठवतं. शिवाय सासरच्या दर समारंभात साडूंची गाडी, साडूंचं घर आणि साडूंचा हजरजबाबीपणा ऐकून ऐकून मुख्य पंचांचे कान किटले होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि प्रत्येक शब्द चघळत घोषणा केली.

"सोळा नंबरच्या टेबलावरचे गृहस्थ लिंबूटिंबू आहेत. त्यांची वखार कोणी लुटली तरी धरली जाणार नाही. ते बाद होणार नाहीत. इतरांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं."

हॉल खो खो हसला. साडूही हसले. मुख्य पंचांना वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्याला न्याय मिळाला.

सोळा नंबरवर करसल्लागारांशिवाय दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि गणिताचे एक निवृत्त मास्तर. तिघेही हुशार. एवढी हुशारी एका टेबलाभोवती जमली की काहीतरी मूर्खपणा होणार हे ठरलेलंच असतं. पहिल्याच फेऱ्यात मास्तरांनी करसल्लागारांचा निम्मा कापूस लुटला. करसल्लागारांनी उरलेल्या मालाकडे पाहिलं, मग साडूंच्या वखारीकडे पाहिलं, आणि आयुष्यभर ज्या विचाराने त्यांना पोसलं होतं तोच त्यांच्या मनात आला.

"यांची वखार लुटता येत नाही. बरोबर?" त्यांनी विचारलं.

"दुर्लक्ष करायला सांगितलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी दुर्लक्षच करतोय. फक्त माझं सागवान यांच्या नावावर ठेवतोय. शेवटच्या फेऱ्याला परत घेईन. चालेल ना हो?"

"ठेवा की," साडू म्हणाले. "जागा आहे."

आता लुटायला उरले डॉक्टरीणबाई आणि मास्तर. दोघांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं आणि दोघांचाही माल साडूंकडे गेला. त्यानंतर टेबलावर कमालीची शांतता नांदली. लुटायला कोणाकडे काही नव्हतंच. तिघे फासे टाकत होते, एकमेकांच्या मोकळ्या वखारी लुटत होते, आणि साडू मालाची रंगाप्रमाणे थप्पी लावत होते.

शेवटचा फेरा आला.

"द्या आता माझं सागवान," करसल्लागार म्हणाले.

"कुठलं?"

"हे काय, हिरवे ठोकळे."

साडूंनी एक ठोकळा उचलून उलटासुलटा बघितला. "नाव नाही कोणाचं यावर."

"नाव कसं असेल? सगळे ठोकळे सारखेच असतात."

"मी तेच म्हणतोय."

"अहो, मी तुम्हाला ठेवायला दिले होते."

"असं नियमात असतं का, ठेवायला देणं?" साडूंनी मान वर करून भाबडेपणाने विचारलं. "पंचसाहेब?"

मुख्य पंच जवळच होते. आपल्याला नियम विचारला गेला की त्यांचं भान हरपे. "नियम सत्तावीस," ते म्हणाले. "दिलेला माल घेणाऱ्याचा." आणि बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

घंटा झाली. तिघांच्या वखारी रिकाम्या, तिघे बाद. टेबलावर बाद न झालेला एकच माणूस होता, आणि तो तर मोजायचाच नव्हता.

"मला पुढे पाठवा," करसल्लागार म्हणाले.

"बाद झालेला परत येत नाही. नियम चार, ठळक अक्षरात."

"मग या टेबलावरून पुढे कोणीच नाही?"

"कोणीच नाही गेलं तर पुढच्या फेरीत एक खुर्ची रिकामी राहील," मास्तर म्हणाले. गणित शेवटी उपयोगाला आलं. "आणि एक टेबल थांबलं की..."

"माहीत आहे," मुख्य पंच म्हणाले.

अशा रीतीने साडू पुढच्या फेरीत गेले.

तिथल्या तिघांना सोळा नंबरची हकीकत समजली होती. माणूस दुसऱ्याच्या मूर्खपणातून शिकतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो त्यातून एवढंच शिकतो की आपण तेवढे मूर्ख नाही. "ते शेवटच्या फेऱ्यापर्यंत थांबले, तिथेच चुकले," त्यातला एक म्हणाला. "आपण आधीच काढून घ्यायचं." त्याने चाचपून बघायला दोन ठोकळे साडूंकडे ठेवले आणि पुढच्याच फेऱ्यात परत मागितले. साडूंनी तीन दिले.

"एक जास्त आला."

"राहू द्या. आपल्याकडे ठेवलेलं वाढतंच."

हे ऐकल्यावर उरलेल्या दोघांना धीर धरवला नाही आणि त्यांनी वखारी मोकळ्या केल्या. पहिल्याने तर ते तीन ठोकळेसुद्धा परत आणून दिले, वर "माझे नीट ठेवा हां" म्हणाला. पुढे काय झालं ते सांगायला नको. घंटेनंतर तिघेही साडूंवर नव्हे, एकमेकांवर ओरडत होते. हेही रीतीप्रमाणेच झालं.

मुख्य पंच साडूंना खांबाआड घेऊन गेले.

"साडूभाऊ, आता पुरे. कार्यवाह येतील. अंतिम फेरीत लिंबूटिंबू बसलेला दिसला तर माझी शोभा होईल. तुम्ही घरी जा, ताई वाट बघत असतील."

"ती इथेच आलीय. तुमच्या मिसेसशेजारी बसलीय, तिसऱ्या रांगेत," साडू म्हणाले.

"आणि मी गेलो की खुर्ची रिकामी राहील, हो ना?" साडूंनीच पुढे विचारलं, कारण मुख्य पंच नुसतेच घाम पुसत होते.

"हो. नियम अकरा. बरं, मग बसा. पण हरा."

"कसा हरू? मी बाद होत नाही ना. तुम्हीच माइकवरून सांगितलंत."

मुख्य पंचांनी शेवटचा उपाय केला. माइक घेतला आणि जाहीर केलं, की अंतिम फेरीत लिंबूटिंबूची वखार लुटता येईल. त्याबरोबर अंतिम फेरीचे तिन्ही खेळाडू उठून उभे राहिले. मधेच नियम बदलणं हा अन्याय होता, कट होता, खेळाच्या आत्म्यावर घाला होता. त्यांच्यातल्या एकाने मुख्य पंचांना त्यांच्याच नियमावलीचं पहिलं पान वाचून दाखवलं: 'स्पर्धा सुरू झाल्यावर नियम बदलणाऱ्यास हॉलबाहेर काढावे.' घोषणा मागे घेण्यात आली. तिघांनी समाधानाने बसकण मारली आणि आपापला माल साडूंच्या पुढ्यात सरकवायला सुरुवात केली.

नेमके त्याच क्षणी कार्यवाह आले.

ठेंगणेसे, पिकल्या मिशांचे गृहस्थ. कोणाशी न बोलता ते टेबलामागे उभे राहिले आणि पापणी न लवता बघत राहिले. तिघांनी माल ठेवला. साडूंनी एकाला थोडा परत दिला. त्याने दुप्पट आणून ठेवला. तिघांनी परत मागितला. साडूंनी ठोकळा उलटासुलटा केला. घंटा झाली. मुख्य पंचांनी डोळे मिटून घेतले.

"हे कोण?" कार्यवाहांचा आवाज आला.

"ते... ते खरं म्हणजे कोणी नाहीत, साहेब. नुसती खुर्ची भरायला बसवलेत. त्यांना बाद करता येत नाही, म्हणून सगळे त्यांच्याकडे ठेवतात. पोरखेळ झाला हा. मी दिलगीर आहे."

"पोरखेळ?" कार्यवाह म्हणाले. "अहो, आमच्या महासंघात तीन गट आहेत. तिघांनी तिजोरीच्या किल्ल्यांवरून एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवलीयत. कोणाकडे काय ठेवायचं यावर वर्षानुवर्षं बैठका चालल्यात. तिन्ही गटांनी आपणहून ज्याच्याकडे सगळं आणून ठेवावं, असा माणूस आम्हाला मिळत नव्हता."

"हा माणूस परत देत नाही, साहेब."

"ते नंतर कळतं ना," कार्यवाह म्हणाले. "तोवर शांतता राहते."

त्यांनी तिथेच साडूंचा हात हातात घेतला आणि महासंघाचं रिकामं अध्यक्षपद देऊ केलं. साडूंनी आधी नको नको म्हटलं, मग महासंघाकडे गोदाम किती मोठं आहे ते विचारलं, आणि मग हो म्हटलं.

"आणि खेळाला मान्यता?" मुख्य पंचांनी हळूच विचारलं.

"दिली की. एवढा वास्तवदर्शी खेळ मी बघितला नव्हता."

"आणि ते कायम मुख्य पंचाचं..."

"ते आता अध्यक्ष ठरवतील."

अध्यक्षांनी बराच वेळ विचार केला. मुख्य पंचांचा नवा कोट त्यांनी खालून वर बघितला, खिशावरची कोरी जागाही बघितली. सासरच्या सगळ्या समारंभांना साक्षी ठेवून ते बोलले, "पंच कोण ते बघू पुढे. पण आमच्या साडूंना कुठेतरी घेतलंच पाहिजे. नाहीतर वाईट वाटून घेतील."

कार्यवाहांकडे तशी एक जागा होती. ती त्यांनी ताबडतोब देऊन टाकली.

परत जाताना दोन्ही बहिणी साडूंच्या गाडीतून पुढे निघून जाणार होत्या. पण मुख्य पंचांच्या बायकोने नवऱ्याचा चेहरा बघितला आणि ती त्यांच्याबरोबर बसथांब्यावर आली.

"भावजी अध्यक्ष झाले ते कळलं," ती म्हणाली. "पण तुम्हाला नक्की काय केलं?"

"सन्माननीय कायम निमंत्रित."

"म्हणजे काय करायचं असतं?"

"सगळ्या बैठकांना जायचं. सगळ्यांबरोबर बसायचं. मत द्यायचं."

"मत देता येतं? मग चांगलंच झालं की."

"देता येतं. मोजत नाहीत." मुख्य पंचांनी कोटाची गुंडी काढली. "पण काढून टाकताही येत नाही. काही झालं तरी."

बायकोने क्षणभर विचार केला. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते तिने पदराने टिपून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "याला एक शब्द आहे ना?"

"नियमावलीत नाही," मुख्य पंच म्हणाले, आणि बस येते का ते बघायला रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.