बंद म्हणजे चालू

"उद्या भंगारवाल्याचा टेम्पो रिकामा परत पाठवतो की नाही बघ!" शनिवारी जेवताना मास्तरांनी जाहीर करून टाकलं. "पहिल्या किकला सुरू करीन! अगं, जन्मभर मुलांना वीज शिकवली मी, एका मोटारसायकलला भितो की काय!"

मास्तर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. मोटारसायकल त्यांच्या वडिलांची. वडील गेले तेव्हापासून ती अंगणातल्या खोलीत पोत्यांखाली पडून होती आणि मास्तरीणबाईंना नेमकी तीच खोली हवी होती, शिवणकामासाठी. बिचाऱ्या कित्येक वर्षं जिन्याखाली मशीन मांडून बसत होत्या. उठल्या की डोकं आपटायचं, बसल्या की कोपर. शेवटी त्यांनीच तोडगा काढला होता. भंगारवाला यायच्या आत गाडी सुरू झाली तर राहील, नाही झाली तर जाईल. याहून सरळ बोलणं काय असतं?

खरं सांगायचं तर मास्तरांना गाडी चालवायची नव्हतीच. त्यांची पाठ खुर्चीवर बसतानाही कुरकुर करायची. त्यांना हवा होता तिचा आवाज. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी तो धडधडाट ऐकू आला की ते चेंडू टाकून पळत घरात यायचे आणि पुस्तक उघडून बसायचे. वडिलांचा फोटो होता, चष्मा होता, आवाज मात्र कुठे उरला नव्हता. तो फक्त या गाडीत असणार, असं त्यांना वाटायचं. पण हे बायकोला सांगायची चोरी! सांगितलं असतं तर ती रडली असती, खोली नको म्हणाली असती आणि पुन्हा जिन्याखाली डोकं आपटत बसली असती.

रविवारी उजाडताच मास्तर कामाला लागले. टाकी आणि कार्ब्युरेटर आदल्या दिवशीच धुऊन झालं होतं, नवं पेट्रोल घातलं होतं. राहिली होती वीज. या गाडीला बॅटरी नव्हती. किक मारली की मॅग्नेटो नावाचा डबा स्वतःच वीज तयार करायचा. त्या डब्यातून निघून हॅण्डलवरच्या काळ्या बटणाकडे जाणारी एक वायर उंदरांनी कुरतडलेली, मधेच लोंबत होती.

"सापडलं!" मास्तरांनी टाळी वाजवली. "परिपथ उघडा पडलाय! मग ठिणगी कुठून येणार, कप्पाळ?"

आता तुम्हीच बघा. पोती काढल्यापासून या माणसानं एकदाही किक मारली नव्हती! पण निदान तयार होतं. काळं बटण गंजून घट्ट बसलेलं, दाबलं तरी हलेना, म्हणून त्यांनी दिव्याचा एक जुना स्विच आणला. वायर स्विचला, स्विचमधून दुसरी वायर थेट गाडीच्या सांगाड्याला.

मदतीला मेव्हणा आला होता. हा मेव्हणा म्हणजे मदतीपेक्षा गंमत बघायला येणारा प्राणी. मास्तरांनी इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून त्याच्या हातात दिला.

"हा इंजिनाला टेकवून धर. ठिणगी दिसली की सांग."

"भावजी, झटका नाही ना बसणार?"

"विज्ञानावर विश्वास ठेव! अगं, स्विचपाशी उभी राहा. मी सांगितलं की बंद कर. हं, बंद!"

मास्तरीणबाईंनी खट्कन स्विच बंद केला. मास्तरांनी किक मारली.

"आई गं! मेलो!" मेव्हणा थेट पोत्यांवर जाऊन पडला.

"अगं, काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना बंद कर म्हणून! केला बंद!"

"अगं, परिपथ बंद कर म्हणालो मी! परिपथ बंद म्हणजे वीज चालू!"

"मग चालू करायचा होता का?"

"हो! म्हणजे बंद!"

"अहो, आणि खरोखर बंद करायचा असेल तर काय म्हणणार तुम्ही?"

"उघड म्हणेन!"

"दार उघडतात हो, दिवे नाही," असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला.

मेव्हणा बोटं फुंकत उठला. "भावजी, एक विचारू? ताईनं स्विच बंद केला होता तेव्हाच झटका बसला मला. म्हणजे वीज तर आलीच की!"

"तो झटका नियमबाह्य होता!" मास्तर कडाडले. "बंद परिपथातूनच वीज वाहते, हे सातवीतलं पोरगंही सांगेल! स्विचच खराब आहे. फेकून द्या तो!"

झालं! स्विच गेला कोपऱ्यात आणि मास्तरांनी वायर थेट सांगाड्याला करकचून बांधली. प्लग परत बसवला आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. शुकशुकाट! नवा प्लग आणला, प्लगची वायर बदलली, मॅग्नेटो उघडून पुसला, फुंकला, पुन्हा लावला. अ‍ॅक्सिलरेटर पिळून पिळून उघडाच अडकून बसला. मास्तरांचा सदरा घामानं भिजला, पोटरी थरथरायला लागली आणि गाडी जणू त्या गावचीच नाही, ढिम्म.

"पहिल्या किकला म्हणाला होतात ना भावजी?" मेव्हण्यानं जखमेवर मीठ चोळलं.

मास्तर खाली बसले. गाडीच्या टाकीवर कपाळ टेकून बसले. त्यांना जे वाईट वाटलं ना, ते गाडीचं नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं आणि तरी बाबांना हाक ऐकू गेली नाही, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दारात टेम्पो वाजला.

भंगारवाला चांगला माणूस होता. त्यानं घाई केली नाही. टेम्पोची फळी उघडून जमिनीवर टेकवली आणि नुसता उभा राहिला. मेव्हण्यानं गाडी ढकलत फळीपर्यंत आणली. मास्तरीणबाई मशीनवरून उठून तशाच आल्या, गळ्यात टेप, हातात कात्री. नवऱ्याचा चेहरा त्यांनी बघितला. काहीतरी करायचं म्हणून त्या गाडी पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांना ती करकचून बांधलेली, शेपूट लोंबणारी वायर दिसली. आणि शिवणाऱ्या बाईला लोंबता धागा दिसला की तिचा हात राहत नाही!

कचकन कापली. वर जरा ओढून नीटही केली.

"शेवटची एक मारू?" मास्तरांनी भंगारवाल्याला विचारलं. आवाज अगदी केविलवाणा.

"मारा की मास्तर."

मास्तर गाडीवर बसले, डोळे मिटले आणि किक मारली.

धडाड् धड् धड् धड्! अंगण हादरलं! काळ्या धुराचा लोट उठला, शेजारची कुत्री घरात पळाली, खिडक्या फटाफट उघडल्या. आणि त्या सगळ्या गदारोळात मास्तर लहान पोरासारखे ओरडले, "बाबा आले!"

मास्तरीणबाईंच्या हातातली कात्री खाली पडली.

पण गाडी थांबेना! अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय.

"अहो, बंद करा!"

"होत नाहीये! अगं, ती वायर कुठे गेली?" मास्तर किंचाळले आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती वायर गाडी सुरू करायची नव्हतीच. ती सांगाड्याला टेकली की ठिणगी मरते. म्हणजे जन्मात पहिल्यांदा, या एका गाडीत, परिपथ बंद म्हणजे खरंच गाडी बंद! त्यांनी त्या वायरीला हातच लावला नसता तर गाडी खरोखर पहिल्या किकला सुरू झाली असती.

"सापडेल ते दाब!" ते मेव्हण्याला म्हणाले. मेव्हण्याला गिअर सापडला.

खाडकन उडी मारून गाडी मास्तरांसकट फळीवरून वर चढली, टेम्पोत शिरली आणि पुठ्ठ्यांच्या ढिगात तोंड खुपसून गप्प झाली. मास्तर पुठ्ठ्यांत कमरेपर्यंत रुतलेले.

"सामान आपण होऊन चढलेलं आजच पाहिलं," भंगारवाला म्हणाला.

"उतरवा ती," मास्तरीणबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी पुन्हा सांगितलं, "सुरू झाली तर राहील असं ठरलं होतं. झाली सुरू. उतरवा. आणि यांनाही."

पुढचं चाक पार चेपलंय. गाडी आता त्याच खोलीत आहे आणि शिवणाचं मशीनही. हॅण्डलवर गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले असतात, सीटवर कापडाचे तागे. जिन्याखाली मास्तर वर्तमानपत्र वाचत बसतात आणि उठताना डोकं आपटून घेतात.

कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक कधीतरी कौतुकानं विचारतं, "मास्तर, गाडी चालू आहे का हो?"

"बंद आहे," मास्तर म्हणतात.

मशीन थांबतं आणि आतून आवाज येतो, "अहो, कुठलं बंद?"