चिंतामणरावांसाठी साऊंड कार्ड

मदरबोर्डवर फुकट मिळणाऱ्या आवाजावर विसंबून कोणतेही युद्ध जिंकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी आजवर एकही युद्ध जिंकलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

साल दोन हजार तीन. युद्ध आमच्या हॉलमध्ये, कॉम्प्युटरवर चाले. शेजारचे चिंतामणराव आणि मी, दोघे निवृत्त, मिळून एकच सैनिक चालवायचो. बटणे दाबून त्याला पळवणे माझ्याकडे. ते माझ्या उजव्या हाताला बसत. माउस त्यांचा, म्हणजे बंदूकही त्यांचीच. मागून शत्रूची पावले वाजली की त्यांनी वळून गोळी घालायची. पावले वाजत. चिंतामणराव वळत नसत. सैनिक पडे.

"आवाजच कच्चा आहे तुझ्या मशीनचा," ते म्हणत.

लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्ब शेजारीच फुटल्यापासून त्यांचा डावा कान बंद आहे. हे साऱ्या कॉलनीला माहीत आहे. त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.

नवरात्रात ते यायचेच थांबले. "तुझा माणूस माझ्यामुळे मरतो, अप्पा. बरं नाही वाटत," एवढेच म्हणाले. बायको गेल्यापासून त्यांची संध्याकाळ आमच्याकडेच जायची. आता ते गॅलरीत एकटे बसलेले दिसू लागले.

मी तडक एम. जी. रोडवरून स्वतंत्र साऊंड कार्ड आणले. खंडेनवमीला दुकानातल्या महेशने ते मशीनमध्ये बसवले, आणि तेवढ्यात लोडशेडिंग झाले.

"काका, सीडी टाकायची राहिली. येतो परत."

कार्डाबरोबर सीडी भेट मिळाली असावी, अशा समजुतीने मी ती कपाटात ठेवली.

दसऱ्याला माझ्या बायकोने, कुसुमने, मशीनला हळद-कुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. संध्याकाळी मी सोने द्यायला म्हणून शेजारी गेलो आणि चिंतामणरावांना हाताला धरून घेऊन आलो.

खेळ सुरू झाला. पावले वाजली. चिंतामणराव गर्रकन वळले. शत्रू आडवा.

"मागून येत होता बरं का," ते हळूच म्हणाले. "ऐकलं मी." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. "कार्ड ते कार्ड, अप्पा."

दिवाळीपर्यंत आम्ही निम्मा युरोप मोकळा केला. मग एका दुपारी महेश उगवला आणि मशीनच्या मागे डोके घालून म्हणाला, "काका, सीडी टाकली नाही, त्यामुळे कार्ड नुसतंच बसलंय. वायर जुन्याच भोकात आहे. आवाज मदरबोर्डचाच येतोय."

"मग पावलं कशी ऐकू येतात?"

"तुम्हाला कधी येत नव्हती?"

मी स्पीकरकडे पाहू लागलो. कुसुम चकल्यांची ताटली घेऊन बाहेर आली.

"दसऱ्याला डाव्या फळीवर सरस्वतीची पाटी मांडली ना, तेव्हा तिथले दोन्ही स्पीकर उचलून उजवीकडे ठेवले. भावजींच्या कानाशी. तिथेच राहिले ते."

"मुद्दाम?"

"चकली घ्या," ती म्हणाली.

महेशला सीडी न टाकताच वाटेला लावले. चिंतामणराव आजही भेटेल त्याला सांगतात, खेळायचे तर स्वतंत्र कार्डच हवे, मदरबोर्डच्या आवाजात जीव नसतो. त्यावर मी गंभीरपणे मान हलवतो.

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. हा मजकूर कृपया चिंतामणरावांना वाचून दाखवू नका. अगदी राहवलेच नाही, तर निदान त्यांच्या डावीकडे बसा.