तीनचाकी गाडीच्या वेगवाढीबाबतचा ठराव

जुन्या वस्तूचा वेग वाढवावा की तिला आहे तशी जपावी, हा मानवजातीपुढचा गंभीर प्रश्न आहे. लातुरात तो १९९८च्या जुलैत, एका रविवारी, चहासह पावणेदोन तासांत सुटला.

गाडी माधवराव सरांची. तीन चाके, एक दार, स्कूटरएवढे इंजिन, वय सव्वीस. भूकंपानंतर सारे गाव उघड्यावर झोपायचे, तेव्हा सर हिच्यात झोपले (पाय बाहेर). घराच्या भिंतींपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास बसला तो तेव्हापासून. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्याने पत्र्यावर एवढा जीव लावू नये, पण त्यांनी लावला होता.

अडचण चार मिनिटांची होती. सरांची मृण्मयी बारावीला. पहाटे पाचला फिजिक्सचा क्लास (घरच्या फिजिक्सवर कुणाचाच भरवसा नव्हता, सरांचाही), साडेसहाला केमिस्ट्री, आठला बायोलॉजी, मग कॉलेज, मग टेस्ट. पहिल्या दोन क्लासांमध्ये सात मिनिटे मोकळी. गाडीला लागत अकरा. हमखास येणारे प्रश्न नेमके त्याच चार मिनिटांत सांगतात, अशी वदंता होती. चार मिनिटे म्हणजे चार मार्क आणि चार मार्क म्हणजे मेडिकल. सरांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी स्कूटर सुचवली, पण तो विषय कार्यसूचीत नव्हता.

गाडीत मोटारसायकलचे मोठे इंजिन बसवावे काय, हे ठरवण्यासाठी कॉलनीतल्या नऊ पालकांची समिती नेमली. तज्ज्ञ म्हणून उदगीरचे बसलिंगप्पा मिस्त्री आले. त्यांनी पत्रा बोटाने वाजवला.

“इंजिन बसवून देतो की, सर. पण हिची हाडं बघा. झेपतंय तेवढं पळायलीच की ती. वरून जोर घातला तर लई तर सहा महिने पळंल. मग एक दिवस रस्त्यातच बसंल, अन् उठायची न्हाई.”

समितीतल्या शेषेरावांचे डोळे पाणावले (त्यांची मुलगी त्या वेळी रविवारच्या तिसऱ्या टेस्टला बसली होती). ठराव झाला तो असा: ‘ज्याची जडणघडण ज्या वेगासाठी झाली, त्यास त्याहून अधिक पळवणे निर्दयपणाचे आहे, सबब गाडीस हात लावू नये.’ अनुकूल नऊ, प्रतिकूल शून्य. माधवरावांना भरून आले.

चार मिनिटे मात्र काढायचीच होती. मृण्मयीला फिजिक्सच्या पहाटे चारच्या बॅचला घालायचे ठरले. मध्ये उरलेला तास वाया नको, म्हणून केमिस्ट्रीच्याच इमारतीतला उजळणी वर्गही लावायचा.

तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, एकदा मलापण मिस्त्रीकाकांना दाखवता का?”

मुलगी गमतीत बोलते हे पाहून सरांना बरे वाटले (विनोदाला बोर्डात मार्क नाहीत). जेवण मात्र त्यांनी अर्ध्यावरच सोडले. बॅचमध्ये एकच जागा उरली होती, म्हणून ते हात धुऊन नाव नोंदवायला गेले.

ठरावावर आक्षेप असल्यास तो साध्या कागदावर कळवावा, असे समितीने जाहीर केले आहे. वाचकहो, तुमचाही चालेल. सोबत फक्त आपल्या पाल्याचे वेळापत्रक जोडावे.