शेजारची पावडर

आमच्या शेजारचे अण्णा सोहोनी चहाचा भरलेला कप कधीच घेत नाहीत. माझी बायको सुषमा कप भरून पुढे ठेवते. अण्णा अर्धा चहा शांतपणे दुसऱ्या कपात ओततात, तो कप तिच्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "खालून सुरुवात." त्यांची बायको, मालतीवहिनी, गेल्यापासून त्यांचा संध्याकाळचा चहा आमच्याकडे असतो. वर्ष होत आलं, सुरुवात अजून संपलेली नाही.

सिंगापूरच्या बेडोक भागात आमच्या दोन फ्लॅटांत एकच भिंत आहे. अण्णा जहाजावरचे निवृत्त इंजिनीअर, आणि मी, शिर्के, जहाजांना सुटे भाग पुरवणारा. खोकी उचलण्यापासून सुरुवात केली, आज गोडाऊन माझं आहे. हा सगळा धंदा एका वाक्यावर उभा राहिला: "तो नाहीये, पण हा अगदी तसाच आहे." अण्णांचं आयुष्यही एकाच वाक्यावर उभं आहे: "सारखं म्हणजे तेच नव्हे." आता आमचं पटावं तरी कसं?

मार्केटमधली मासेवाली "सेम सेम, अंकल" म्हणत दुसराच मासा पुढे करते. अण्णा दोन्ही मासे शेजारी शेजारी ठेवून तिला फरक समजावत बसतात, मागची रांग कितीही वाढो. त्यांच्या या चिकित्सेवर माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणते, "अंकल सो फसी, लाह!" त्यांच्या ओट्यावर एका वेळी एकच डबा असतो. हळद आत गेल्याशिवाय तिखट बाहेर येत नाही.

ही सवय काडतुसांची. अण्णांचा मुलगा मंदार न्यूझीलंडला असतो, परवानाधारक शिकारी आहे. तिकडे हौशी लोक काडतुसं घरीच भरतात: वापरलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, पावडर तोलून घालायची, वर गोळी. अण्णा दर वर्षी महिनाभर जाऊन हेच करत बसतात. टेबलावर पावडरीचा एकच डबा, कारण दोन पावडरी डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि चुकून एकीत दुसरी पडली तर ती वेगळी करता येत नाही. सिंगापुरात रिकामी पुंगळीसुद्धा घरात ठेवण्याची सोय नाही, म्हणून अण्णा ते अख्खं गॅरेज डोक्यात घेऊन हिंडतात. भर लिफ्टमध्ये "स्फोटाचा दाब" यावर बोलायला लागले की मी त्यांची बाही ओढतो.

यंदा एप्रिलमध्ये त्यांनी मला बरोबर नेलं. का गेलो, ते सांगतो. आमच्या गावी बड्या लोकांच्या शिकारीत माझे वडील रान उठवायला जायचे. काट्यांतून ओरडत पळायचे. बंदूक मात्र त्यांच्या हातात कुणी कधी दिली नाही. मला एक बार हवा होता. एकच.

नेमकी यंदा मंदारची नेहमीची पावडर दुकानांत कुठेच मिळेना. पावडरी किती वेगाने जळतात त्याचा एक तक्ता असतो. मंदारने त्यात तिच्या लगेच खालची पावडर आणली आणि अण्णा दुपारी झोपले असताना काडतुसं भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगरउतारावर पालथे पडलो होतो. परवाना मंदारचा, म्हणून तो मला खेटून. झाडीतून हरीण बाहेर आलं. ही एवढी शिंगं! आडवं उभं राहिलं. मी दस्त्यावर गाल टेकवला. सेफ्टी काढली. बोट चापावर.

मागून अण्णा कुजबुजले, "मंदार, मिळाली वाटतं पावडर?"

"ती नाही, बाबा. तिच्या शेजारची. वजन तेच ठेवलंय."

"शिर्के, बोट बाहेर."

"अण्णा, उभं आहे ते!"

"असू दे. बोट बाहेर काढ."

"यादीत शेजारी शेजारी आहेत हो, बाबा," मंदार म्हणाला.

"मी आणि शिर्केही शेजारीच आहोत. आमच्यात काय सारखं आहे?"

हरणाने कान हलवला. मी बोट काढलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी देव आला असता तरी काढलं नसतं. तेवढ्यात अण्णा कोपरांवर सरपटत पुढे आले आणि माझ्या गालाशेजारी, बरोबर बोल्टच्या, म्हणजे काडतूस जिथे फुटतं त्याच्या, बाजूला, आपला गाल टेकवून पडले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"आता मार," ते म्हणाले. "फुटली तर दोघांना लागेल."

मी बोट काढलं. हरणाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश, अगदी सावकाश, निघून गेलं.

घरी आल्यावर पुस्तक उघडलं. त्या पावडरीच्या पानावर पाहिलं, तर मंदारने घातलेलं वजन कमाल मर्यादेच्याही वर होतं. मंदार पांढरा पडला. तेवढं मलाही मान्य. पण पुढचं मला आजही मान्य नाही! अण्णांनी एकेक काडतूस उकलायला लावलं. निघालेली पावडर डब्यात परत जाऊ दिली नाही. "नवी पावडर आली की जुना आकडा विसरायचा. तिच्याच पानावरचा सगळ्यात खालचा आकडा घ्यायचा, आणि तिथून जरा जरा वर." मग मोजकी काडतुसं, चांदमारीचं मैदान, प्रत्येक पुंगळी भिंगाखाली, परत गॅरेज. त्यांचं समाधान झालं त्या दिवशी आमचं विमान होतं. परतीच्या प्रवासात आमच्या सीटही शेजारीच होत्या. मी एक शब्द बोललो नाही.

इथे आल्यावरही बोललो नाही. अण्णा मात्र रोज संध्याकाळी येत, बसत, अर्धा कप परत करत. एक दिवस माझा भडका उडाला.

"हरीण गेलं, जाऊ दे! पण वर्षभर आमचा चहा परत करताय, अण्णा. काय खोट आहे त्यात? एवढं काय तपासताय?"

"अहो!" सुषमा आतून ओरडली.

अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, उठून जातील. पुन्हा येणार नाहीत.

"खोट नाही रे," ते म्हणाले. "सुषमा आलं सगळ्यात शेवटी घालते, गॅस बंद करताना. मालतीचंही तसंच असायचं. चहा अगदी तसाच लागतो."

"मग अडतंय कुठे?"

"सारखं असतं ना, तिथेच धोका असतो, शिर्के. वेगळा लागला असता तर पहिल्याच दिवशी भरलेला कप प्यायलो असतो."

त्यांनी आमच्या मधल्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर आहे.

मी उठलो. आतून पातेलं आणलं आणि त्यांच्या कपावर धरलं. अण्णांनी कपाला बाहेरून बोट लावलं, अर्ध्याच्या किंचित वर.

"इथपर्यंत."

"अजून दोन घोट," मी म्हणालो.

"एक."

सौदा पटला.